आक्काचा महादेवाचा वार

आक्काच्या आठवड्यात सोमवार नव्हता. रविवार झाला की 'महादेवाचा वार' यायचा आणि मग मंगळवार. मी पहिल्यांदा तिच्याकडे भाकरी सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, "महादेवाच्या वारी न्या." मी डायरीत महाशिवरात्र शोधली. ती दोन महिने लांब होती आणि माझी सहल पुढच्याच आठवड्यात निघणार होती. मी तावातावानं परत गेले, तर ती पिठाच्या हातानं तोंड झाकून हसत सुटली. "अवो बाई, रविवारचा दुसरा दिवस! एवढी मानसं इमानात बसवून नेता आन् वार कळंना व्हय?" तेव्हापासून माझ्या डायरीत आक्काच्या पानावर सोमवारच्या जागी 'म.वा.' असंच लिहिलं जाऊ लागलं. ऑफिसातल्या मुलीही "म.वा.ला डबे आणायचेत" म्हणू लागल्या.

नवी पेठेत माझं सहलींचं छोटं ऑफिस आहे. सोलापूरची माणसं परदेशात दोन दिवस पाव कौतुकानं खातात आणि तिसऱ्या दिवशी गप्प होतात. त्यावर उपाय म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणी. म्हणून प्रत्येक सहलीच्या यादीत पहिली ओळ पासपोर्ट, दुसरी औषधं आणि तिसरी आक्का. पेठेच्या मागच्या बोळात एका खोलीत ती राहायची. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. करकंबला माहेरचं चुलत घराणं होतं, पण तिकडं तिचं जाणं नव्हतं. समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. मनात मात्र ती कायम 'ती'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते.

भाकरी तयार झाली की नाही हे आक्का बघून ठरवत नसे. कानाशी धरून नखानं टिचकी मारायची. चांगली वाळलेली भाकरी खणखणीत वाजायची, ती डब्यात जायची. दबका आवाज आला की ती परत मंद तव्यावर. "वली असली की बोलत न्हाय बगा. मानसाचं बी तसंच असतंय," असं म्हणून ती पुढची भाकरी कानाशी न्यायची. शंभर भाकरी असल्या तर शंभर टिचक्या. मी सुचवलं होतं की दहातली एक तपासली तरी चालेल, सगळीकडे तशीच पद्धत असते. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

माझ्या याद्यांची ती मनापासून चेष्टा करायची. मी बोळात शिरले की शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आल्या यादीवाल्या." मी ओळीओळीवर खुणा करत डबे मोजायचे आणि ती उखळात चटणी कुटत माझी गंमत बघायची. "समजा ही वही हरवली तर तुमी घरला कशा जाशीला?" असं एकदा विचारलं होतं तिनं. मी म्हणाले, "दुसरी प्रत ऑफिसात असते." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एकदा मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आक्काला वाचता येत नसे, म्हणून तिनं विचारलं, "कुटं चाललंय ह्ये?"

"इटलीला."

तिच्या हातातली भाकरी कानापर्यंत गेली होती, ती तिथंच राहिली. टिचकी वाजली नाही.

"इटलीला माजा बा हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं, तिच्या ऐकण्यात काही घोटाळा झालाय. मग तिनं चूल बारीक केली आणि सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात तिचा बाप पलटणीतून इटलीला गेला. तो गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तो परत आला नाही. त्याच्याबरोबरचा दुधनीकडचा एक शिपाई लढाई संपल्यावर करकंबला येऊन एवढंच सांगून गेला की 'सांगरू' नावाच्या नदीच्या अंगाला तो पडला. शिपाई स्वतः जखमी होऊन आधीच मागं नेला गेला होता, त्यामुळे पुढचं त्याला माहीत नव्हतं. सरकारी कागद आले ते चुलत्याकडे राहिले, आणि भीमेच्या पुरात चुलत्याच्या घरासकट गेले.

"नाव काय वडिलांचं?"

"दगडू. दगडू माने." मग तिला हसू आलं. "आयनं तर कवा नाव घेतलंच न्हाय. दगडाला सुदिक दगड म्हनायची न्हाय, धोंडा म्हनायची. मला बारीकपनी वाटायचं दगड येगळा आन् धोंडा येगळा."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावासारखा शब्दही ओठावर आणायचा नाही, अशा बायका माझ्याही आजोळी होत्या. मी हसले. डायरीत लिहिलं: दगडू माने, करकंब, सांगरू नदी. आक्का मात्र आता हसत नव्हती.

"बाई, एक इचारू? तितं मेलेल्या मानसाला अग्नी देत्यात का मातीत पुरत्यात?"

मी म्हणाले, तिकडं बहुतेक पुरतातच.

"आय मरस्तवर तेच म्हनत हुती. अग्नी न्हाय मिळाला तर मानूस मोकळा हुईत न्हाय. वरसाला पानी सोडायची, आन् म्हनायची, पोचतंय का न्हाय कुनाला ठावं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "म्या आता मोप जगले. तेवडं एक कळलं असतं तर आयला वर जाऊन सांगितलं असतं."

त्या संध्याकाळी ऑफिसात बसून मी नकाशा काढला. 'सांगरू' म्हणजे सांग्रो, इटलीच्या पूर्व किनाऱ्याला समुद्राला मिळणारी नदी. तिच्या काठच्या टेकडीवर युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे हेही सापडलं. मेलेल्या सैनिकांच्या नावांची यादी संगणकावर शोधता येत होती. मी 'दगडू माने' असं टाकलं. उत्तर आलं, असं कुणी नाही. मी वेगवेगळ्या स्पेलिंगनं चार वेळा टाकलं. नाही. मग मी डायरीत त्या ओळीपुढे फुली मारली. एखादी गोष्ट यादीत नाही म्हटल्यावर माझं काम संपतं, अशी मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी आक्काला सांगितलं. तिनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "यादीत न्हाय म्हंजे न्हायच का? मतदार यादीत माजं नाव तीन येळला न्हवतं. मी हाय की." तिनं स्वतःच्या हाताला चिमटा काढून दाखवला. "नाव नसंल. जागा तर हाय? नदी तर हाय?"

मी म्हणाले, "चला मग. तुम्हाला घेऊन जाते."

ऐंशीच्या घरातल्या बाईचा पासपोर्ट काढणं सोपं नव्हतं, पण ते माझं रोजचं काम. बापाच्या नावाच्या रकान्यात मी माझ्या हातानं 'दगडू' लिहिलं. खरी अडचण व्हिसाच्या ऑफिसात आली. बोटांचे ठसे घेणाऱ्या काचेवर आक्कानं बोटं ठेवली आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. कोऱ्या पाटीसारखी बोटं. साठ वर्षं भाकऱ्या थापून आणि तापल्या तव्यावर उलटून रेघा झिजून गेल्या होत्या. तिथला तरुण तिला पुन्हा पुन्हा बोटं पुसायला सांगत होता. आक्का त्याला म्हणाली, "लेकरा, पुसून पुसूनच गेल्यात त्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, बाप यादीत न्हाय आन् लेक काचंत न्हाय. आमचं घरानंच असलं."

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा 'अगं' म्हटलं. ते मी कुठं लिहून ठेवलं नाही. ठेवायची गरज पडली नाही.

महिन्याभरानं पुन्हा बोलावणं येणार होतं. ते येण्याआधी, थंडीच्या दिवसांत, आक्का नळावर घसरून पडली. खुबा मोडला. मी भेटायला गेले तेव्हा कॉटवर ती पहिल्यांदाच बारीक दिसली. मी नेहमीच्या घाईनं सुरू केलं की डॉक्टर म्हणतात तीन महिने, मग उन्हाळ्यात तारीख घेऊ, तोवर ठशांचं बघते. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"वही काड," ती म्हणाली. "लिव यादी."

मी पिशवीतून वही काढली.

"येक. जागा बगायची. दोन. भाकरी ठिवायची, डब्यात माज्या हातच्या हायती त्यातली. तीन. इचारायचं, अग्नी दिला का माती." ती थांबली. मी विचारलं, "चार?" तर म्हणाली, "चवथं मला यिऊन सांगायचं. ते बी लिवायला लागतंय व्हय तुला?"

मी लिहिलं: ४. आक्काला सांगणे.

आठ दिवसांनी ती गेली. करकंबहून चुलत भाचा आला, त्यानं सगळं नीट केलं. खोलीला कुलूप लागलं. मी भाकऱ्यांसाठी दुसरीकडे चौकशी केली, कारण पुढची सहल ठरलेली होती.

ती सहल इटलीचीच होती. वसंतात निघाली, व्यवस्थित पार पडली. शेवटच्या दिवशी रोमच्या विमानतळावर मी माणसं मोजली, सहकारी मुलीच्या हाती कागद दिले आणि सगळ्यांना आत सोडलं. मी स्वतः दोन दिवस मागं राहणार होते. काचेचं दार बंद झाल्यावर सवयीनं मी मागं वळून पुन्हा मोजायला लागले. मोजायला कुणीच नव्हतं. इतक्या वर्षांत मी परदेशात कधी एकटी नव्हते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. तिथं मी माझी पिशवी ठेवली, मग उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

त्या बसनं पूर्वेचा किनारा गाठला, तिथून लहान रेल्वे आणि शेवटी टॅक्सी. टॅक्सीवाल्याला मी दोन तासांनी ये असं बोटांनी सांगितलं. तो गेला आणि टेकडीवर मी एकटीच उरले. इतकी स्वच्छ, इतकी आखीव जागा मी कुठं पाहिली नव्हती. पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत, कडेनं ऑलिव्हची झाडं, खाली निळा समुद्र. डावीकडे दरीत नदीची चकाकणारी रेघ. ही आक्काची सांगरू. एरवी अशा जागी मी गटाला वीस मिनिटं देते. फोटो, स्वच्छतागृह, बस. त्या दिवशी घाई करायला कुणी नव्हतं, तर मी फाटकाशीच उभी राहिले.

यादीतलं पहिलं झालं. डायरीत खूण केली. मग रांगा सुरू केल्या. एका टोकाला हिंदुस्थानी शिपायांसाठी वेगळं स्मारक दिसलं, त्यावर नावंच नावं. वरचा मजकूर मी दोनदा वाचला. ज्या शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला त्यांची ही नावं, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे इथं अग्नीही दिला होता. मी ऑफिसात 'नाही' असं उत्तर आल्यावर पुढचं वाचायचंच सोडलं होतं, म्हणून मला हे माहीत नव्हतं.

मी बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. शिंदे, पवार, जाधव, मोरे. आमच्या मतदार यादीतली वाटावीत अशी नावं, तिथल्या उन्हात. माने तिघं होते. दगडू नव्हता. मी पुन्हा वरपासून खाली आले. नव्हताच.

पायरीवर बसले. डब्यातली भाकरी काढली आणि सवयीनं कानाशी नेऊन टिचकी मारली. चार महिन्यांनीही ती खणखणीत वाजली. मग डायरी उघडली. तिसऱ्या ओळीपुढे काय लिहावं कळेना, म्हणून आधी तारीख लिहिली आणि तारखेपुढे वार. पान आक्काचं होतं, म्हणून हातानं आपोआप लिहिलं, 'म.वा.'

मी ती दोन अक्षरं बघत राहिले.

आक्काला महादेवाचं असं काहीच नव्हतं. सोमवारचा उपास नाही, सिद्धेश्वराच्या देवळात जाणंही यात्रेपुरतं. तिला एकदा विचारलं होतं, सोमवार का म्हणत नाही? ती म्हणाली होती, "आय म्हनायची तसं म्हनती. देवाचं असंल कायतरी." आणि तिची आई कोण? दगडाला धोंडा म्हणणारी. नवऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हणून शब्द बदलणारी. दगडू म्हणून जिनं दगड टाळला, तिनं सोमवार कुणासाठी टाळला?

दगडू हे घरात ठेवलेलं नाव. मूल जगावं, नजर लागू नये, म्हणून दगड्या, धोंड्या म्हणायची आपल्याकडे रीत. पण भरतीच्या टेबलापुढे उभा राहिलेला तरुण आपलं घरातलं नाव थोडंच सांगणार?

मी उठले. तिघा मान्यांपैकी तिसऱ्यावर बोट ठेवलं. सोमा माने.

एवढ्यावर खूण करणं बरोबर नव्हतं. सोमा माने साताऱ्याकडचाही असू शकतो. फाटकाजवळ भिंतीतल्या लहान कपाटात नावांची वही असते हे येताना पाहिलं होतं. ती काढली, पानं उलटली. सोमा माने, शिपाई. पुढे इंग्रजीत लहान अक्षरांत होतं: येसू हिचा नवरा, राहणार करकम, सोलापूर. गावाच्या नावातलं शेवटचं अक्षर कुणीतरी खाल्लं होतं. येसू हे आक्काच्या आईचं नाव. पासपोर्टच्या अर्जावर तेही मीच लिहिलं होतं.

तिनं जन्मात त्याचं नाव घेतलं नाही. त्यानं मात्र दूर कुठल्यातरी टेबलापुढे उभं राहून तिचं नाव घेतलं होतं, म्हणून तो सापडला.

मी ऑफिसात त्या संध्याकाळी नुसतं 'माने' टाकलं असतं, शंभरातली शंभर नावं वाजवून बघितली असती, तर आक्का चुलीपुढे बसलेली असताना हे कळलं असतं. तिनं तेव्हाच मला सांगितलं होतं, यादीत नाही म्हणजे नाहीच का. मी फुली मारून मोकळी झाले होते.

तिथं कुणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "सोमा माने." त्याच्या घरात बायकोनं हे नाव ओठांवर आणलं नव्हतं आणि लेकीला ते माहीतच नव्हतं. समुद्रावरून वारा येत होता. पुन्हा एकदा म्हटलं. मग भाकरी मोडून त्याच्या नावाखाली गवतावर ठेवली. टॅक्सी आली तेव्हा ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून गाण्याचा आवाज कमी केला. परतीच्या वाटेवर मी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीपुढे खुणा केल्या.

सोलापूरला आल्यावर आक्काच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं मॅडम, लई चांगलं झालं. पर ह्यो सोमा म्हंजी कोन?" मी समजावून सांगितलं. त्यानं पुन्हा "बरं झालं" म्हटलं आणि दुबईची सहल कधी निघते ते विचारलं. तारीख सांगितली.

पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी मागच्या बोळात गेले. सोमवारच का, ते मी ठरवलं नव्हतं. डबे आणायला पाय त्या दिवशी तिकडं जातात. खोलीला कुलूप होतं, उंबऱ्याशी कुणीतरी सायकल लावली होती. शेजारीण पाणी भरत होती, तिनं विचारलं, "भाकरीला आलासा का?" मी नाही म्हणाले. ती आत गेल्यावर मी कुलपाकडे बघून सांगितलं, अग्नी मिळाला, आक्का. आणि नाव सोमा होतं.

पेन काढलं. चौथ्या ओळीपुढे ते टेकवलं आणि तसंच उचललं. सांगून झालं असं म्हणायला समोरून कुणीतरी "व्हय का?" म्हणावं लागतं.